मोटार सुरू झाली की यूएसबी मॉडेम गायब होतो, लिनक्समध्ये कोणता ड्रायव्हर टाकू?

प्रयाग_चिखली (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या पंचगंगेवरच्या जॅकवेलवर (नदीचं पाणी उपसायची विहीर) नदीची पातळी मोजायचा सेन्सर आणि एक एनर्जी मीटर बसवलंय. दोन्ही आरएस-४८५ च्या तारेवर मॉडबस (मोजमापाच्या साधनांची भाषा) बोलतात. सीएच३४० चिपच्या यूएसबी कन्व्हर्टरने ते रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला (पुढे नुसतं 'पाय') जोडलेत. त्याच पायला ४जी यूएसबी मॉडेम आहे, आत क्वेक्टेलचं ईसी२५ मॉड्यूल. पातळी आणि तिन्ही फेजचं व्होल्टेज इंटरनेटवरून जातं. पातळी ठरलेल्या खुणेवर गेली की स्क्रिप्ट मॉडेमला एटी कमांड (मॉडेमला कळणाऱ्या लेखी आज्ञा) देऊन संचालक आणि पाणीवाल्याला एसएमएस पाठवते.

हे कशासाठी ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, पण आमच्या चिखली-आंबेवाडीकडे त्याच्या कितीतरी आधी जीव टांगणीला लागतो. पाणी चढायच्या आत मोटारी, स्टार्टर, केबली वर काढाव्या लागतात. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे काही आम्हाला विचारून उघडत नाहीत. रात्रीत पाणी चढलं आणि मोटार बुडाली की रिवाइंडिंगचा भुर्दंड सगळ्या सभासदांवर.

अडचण अशी: घरी टेबलावर सगळं सुरळीत चालतं. जॅकवेलवर नेलं की मॉडेम मध्येच गायब होतो. थोड्या वेळाने परत येतो, पण पोर्टचा नंबर बदललेला असतो आणि स्क्रिप्ट तिथेच अडकून बसते. विक्रेत्याने 'लिनक्स ड्रायव्हर' म्हणून एक झिप दिलीय. ती जुन्या कर्नलसाठीची (लिनक्सचा गाभा) आहे, मेक (कंपाइल) केलं की एररची रांग लागते. ती आताच्या कर्नलवर कशी चालवायची, हे कुणी सांगेल का? पावसाळ्याच्या आत हे मार्गी लागायला हवं.

रंकाळा_टर्मिनल

दादा, ती झिप बाजूला ठेवा. ईसी२५ चा ड्रायव्हर तुमच्या कर्नलमध्ये आधीपासून आहे. सिरियल पोर्टसाठी 'ऑप्शन' आणि इंटरनेटसाठी 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन'. ड्रायव्हर नसता तर घरीही टीटीवाययूएसबी (यूएसबीवरचे सिरियल) पोर्ट दिसले नसते. बाहेरचा जुना ड्रायव्हर कंपाइल करून घातलात तर चालू असलेलंही बिघडेल आणि पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा तीच झटापट.

'मॉडेम चालत नाही' या एका वाक्यात चार वेगळे आजार लपलेले असतात. आधी कोणता ते ठरवू.

'एलएसयूएसबी' (जोडलेल्या यूएसबी साधनांची यादी) मध्ये २सी७सी:०१२५ हा आयडी दिसतो का? दिसत नसेल तर केबल, वीज किंवा पोर्ट बघायचा. तिथे ड्रायव्हरचा संबंधच येत नाही, कारण यूएसबीवर साधन ओळखलं गेल्यावरच ड्रायव्हरची पाळी येते.

आयडी दिसतो पण पोर्ट नाहीत? मग 'एलएसयूएसबी -टी' चालवा. प्रत्येक इंटरफेससमोर कोणता ड्रायव्हर बसलाय ते दिसतं. नेहमीच्या मांडणीत ईसी२५ चे पाच इंटरफेस असतात: ० डायग्नोस्टिक, १ जीपीएस, २ एटी कमांड, ३ पीपीपी, ४ क्यूएमआय (इंटरनेटसाठी). पहिल्या चारांवर 'ऑप्शन' आणि शेवटच्यावर 'क्यूएमआय_डब्ल्यूवॅन' हवा.

पोर्ट आहेत पण 'एटी' ला 'ओके' येत नाही, तर चुकीचा पोर्ट धरलाय किंवा दुसरा प्रोग्राम त्यावर बसलाय. आणि 'ओके' येऊनही नेट नाही, तर सिम, एपीएन, रेंज.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराकडे बोट दाखवतंय. मॉडेम गेला त्या वेळचं 'डीमेसग -टी' (कर्नलचा लॉग, वेळेसह) इथे टाका, मागचीपुढची दोन मिनिटं धरून. आणि त्या क्षणी जॅकवेलवर काय चाललं होतं तेही लिहा.

पुणे_पेंग्विन

मला वाटतं न्यू_आयडी वापरून बघा. ऑप्शन ड्रायव्हर लोड करायचा आणि /सिस/बस/यूएसबी-सिरियल/ड्रायव्हर्स/ऑप्शन१/न्यू_आयडी या फाइलमध्ये '२सी७सी ०१२५' लिहायचं. माझ्या एका अनोळखी चिनी मॉडेमचे पोर्ट असेच उघडले होते.

रंकाळा_टर्मिनल

अनोळखी मॉडेमसाठी तो उपाय बरोबर आहे, पण इथे करू नका. ईसी२५ चा आयडी कर्नलच्या यादीत आहे आणि कोणता इंटरफेस सोडून द्यायचा हेही तिथे ठरलेलं आहे. न्यू_आयडीने हातानं आयडी घातला की ती माहिती त्याच्याबरोबर जात नाही. मग ऑप्शन ड्रायव्हर क्यूएमआयचा इंटरफेसही बळकावू शकतो. एक जास्तीचा टीटीवाययूएसबी दिसतो, त्यावर काहीच येत नाही, आणि डब्ल्यूवॅन० (इंटरनेटची जोडणी) गायब. 'पोर्ट आले पण नेट गेलं' अशी तक्रार कुठेही वाचली की मी आधी हेच विचारतो.

बूट फाइलमध्ये कुणी 'यूएसबीसिरियल व्हेंडर=… प्रॉडक्ट=…' लिहून ठेवलं असेल तर तेही काढा. जुन्या ब्लॉगांवर अजून तोच सल्ला आहे. तो जेनेरिक ड्रायव्हर फक्त चाचणीपुरता आहे, असं कर्नल स्वतःच लॉगमध्ये सांगतं.

प्रयाग_चिखली (धागाकर्ता)

लॉग देतोय. हा सकाळचा, पाणीवाल्याने मोटार सुरू केली त्या वेळचा:

यूएसबी १-१-पोर्ट३: डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग...
यूएसबी १-१.३: यूएसबी डिस्कनेक्ट, डिव्हाइस नंबर ५
ऑप्शन१ टीटीवाययूएसबी१: जीएसएम मॉडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर नाऊ डिस्कनेक्टेड फ्रॉम टीटीवाययूएसबी१
(२, ३, ४ साठी हीच ओळ)
यूएसबी १-१.३: डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१
यूएसबी १-१.३: न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ६
यूएसबी १-१.३: जीएसएम मॉडेम (१-पोर्ट) कन्व्हर्टर नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी१
...टीटीवाययूएसबी२
...टीटीवाययूएसबी५ (टीटीवाययूएसबी३ ऐवजी ही अशी उडी का?)
...टीटीवाययूएसबी४

टीटीवाययूएसबी० हा सीएच३४० चा आहे, तो हललेला नाही. शेवटच्या दोन ओळी कदाचित खालीवर झाल्यात, मोबाईलवर फोटो बघून टाइप केलंय.

गोकुळशिरगाव_ताई

खालीवर झाल्याच असणार. आधी ४ आणि मग ५ आला असेल. या लॉगमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, त्या वेगळ्या करून सांगते.

आधी नंबर. मॉडेम जाण्यापूर्वी त्याचे पोर्ट १, २, ३, ४ होते. म्हणजे इंटरफेस २, तुमचा एटी पोर्ट, टीटीवाययूएसबी३ वर होता आणि स्क्रिप्टने तोच उघडून धरला होता. मॉडेम गेला तरी स्क्रिप्टने फाइल बंद केली नाही, म्हणून कर्नल ३ नंबर मोकळा करू शकत नाही. मॉडेम परत आल्यावर प्रत्येक इंटरफेसला मोकळ्यातला सगळ्यात लहान नंबर मिळतो: १, २, मग ३ अडलेला म्हणून ४, मग ५. एटी पोर्ट आता ४ वर आहे आणि स्क्रिप्ट मेलेल्या ३ वर वाट बघत बसलीय. कर्नल इथे अगदी बरोबर वागतंय. 'एलएसओएफ' (कोणती फाइल कुणी उघडून धरलीय ते दाखवणारी कमांड) ने बघा, टीटीवाययूएसबी३ समोर तुमच्या पायथनचा प्रोसेस दिसेल.

स्क्रिप्टमध्ये वाचताना किंवा लिहिताना इनपुट/आउटपुट एरर आला की पोर्ट बंद करा, थोडं थांबा, पुन्हा उघडा. आणि नंबर लिहून ठेवूच नका, यूडेव्हने (साधनांना नावं देणारी लिनक्सची सेवा) कायमचं नाव द्या. त्याचा नियम सावकाश लिहिते, त्यात एक खाच आहे.

आता मुख्य दुखणं, पहिली ओळ. 'डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?)' याचा अर्थ हबने स्वतः तो पोर्ट बंद केला. कर्नलला कारण माहीत नाही म्हणून त्याने प्रश्नचिन्हासह शंका लिहिलीय: विद्युत गोंगाट? पाठोपाठ -७१, म्हणजे प्रोटोकॉल एरर, तारेवरून आलेले बिट खराब. मोटार सुरू होताना, फक्त मॉडेमचाच पोर्ट. ड्रायव्हर बदलून हे जाणार नाही. मॉडेम पायला थेट लावलाय की केबलने?

प्रयाग_चिखली (धागाकर्ता)

ताई, मनापासून आभार. नंबरचं कोडं पहिल्यांदा समजलं. एलएसओएफमध्ये खरंच तसंच दिसतंय.

मॉडेम केबलने लावलाय. आत रेंज नाही म्हणून साधारण तीन मीटरच्या यूएसबी एक्स्टेन्शनने खिडकीपाशी नेलाय. केबल स्टार्टर पॅनेलच्या मागून, मोटारीच्या केबलीबरोबर त्याच पट्टीतून गेलीय. पायचं चार्जरही पॅनेलमधल्याच प्लगवर आहे.

उद्यमनगर_वायरमन

भावा, दुखणं तिथंच हाय. मला लिनक्समधलं काही कळत नाही, पण पॅनेल आयुष्यभर भरलेत.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये कॉन्टॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच) पडतो-उचलतो तेव्हा त्याच्या कॉइलमधनं व्होल्टेजचा मोठा झटका निघतो. स्टारमधनं डेल्टात जाताना करंट तुटतो आणि पुन्हा जोडला जातो, तो आणखी एक झटका. शेजारनं तीन मीटरची यूएसबी केबल गेली तर ती अँटेनासारखी सगळं ओढून घेणारच. शिवाय मोटार सुरू होताना करंट चालू करंटच्या कितीतरी पट जातो. आपल्या शेतीच्या लाईनीवर आधीच व्होल्टेज कमी, त्या क्षणी आणखी बसतं. चार्जर हलक्यातलं असलं तर तेही गचकतं.

करायचं एवढं: कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आर-सी स्नबर (झटका शोषून घेणारा) लावा, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड, एसीला चालणारा तयार मिळतो. कॉइल किती व्होल्टची ते बघून घ्या, बऱ्याच स्टार्टरची कॉइल ४१५ वर असते, तिथं २३० चा स्नबर लावला तर फुटेल. सिग्नलची केबल पॉवरच्या पट्टीतनं काढा, समोरच्या भिंतीनं न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात. पायचा डबा पॅनेलमध्ये ठेवू नका. अर्थिंग एकदा मोजून घ्या, नदीकाठाला गंजलेली पट्टी लई बघितल्यात. आणि हे सगळं मेन बंद करून, जाणत्या वायरमनकडनं. तिन्ही फेजशी खेळ नको.

रंकाळा_टर्मिनल

वायरमनदादांनी दोन कारणं सांगितली, गोंगाट आणि वीज बसणं. तुमच्याकडे कोणतं, हे खर्च करण्याआधी वेगळं करता येईल.

पायवर 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' चालवा. ०एक्स० आलं तर वीज ठीक. ०एक्स५०००० म्हणजे चालू केल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी झालं होतं. ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणीही कमी आहे. पायची सीमा साधारण ४.६३ व्होल्ट. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात, हेही लक्षात असू द्या. मॉडेम २जी वर घसरला तर रेडिओच्या झटक्यात मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढू शकतं, आणि रेंज जितकी कमी तितका जोर जास्त.

मग पाय चांगल्या पॉवर बँकेवर लावा, बाकी काही न हलवता, आणि मोटार चालू-बंद करून बघा. मॉडेम टिकला तर दोष चार्जरचा. तरीही गेला तर दोष केबलीतून येणाऱ्या गोंगाटाचा.

शिरोळ_कृष्णाकाठ

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे जुनं हुआवेई ई१७३ डोंगल पडून आहे. लावलं की सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतं, पोर्ट येतच नाहीत. अशाच कामाला वापरायचं डोक्यात आहे.

गोकुळशिरगाव_ताई

त्या डोंगलांमध्ये विंडोजचा ड्रायव्हर आतच साठवलेला असतो, म्हणून ते आधी सीडी बनून येतं. एलएसयूएसबीमध्ये १२डी१:१४४६ दिसत असेल तर ते अजून सीडीच्याच रूपात आहे. 'यूएसबी-मोडस्विच' आणि त्याचं डेटा पॅकेज टाका, डोंगल काढून पुन्हा लावा. आयडी बदलला की ऑप्शन ड्रायव्हर आपोआप धरतो.

पण त्याआधी सिमचा विचार करा. ई१७३ ला ४जी नाही. जिओ पहिल्यापासून फक्त ४जी आणि पुढचं, त्यामुळे ते सिम यात नोंदणीच करणार नाही, ड्रायव्हर कितीही बरोबर असला तरी. एअरटेलने ३जी २०२० मध्येच बंद केलं, तिथे हे २जी वर चालेल. एसएमएसला तेवढं पुरतं. 'एटी+सीआरईजी?' च्या उत्तरात दुसरा आकडा १ किंवा ५ आला तर नोंदणी झाली. 'एटी+सीएसक्यू' मध्ये पहिला आकडा ० ते ३१ असतो, ९९ म्हणजे रेंज कळतच नाही. पुरासाठी नवीन काही बसवत असाल तर ४जीचंच घ्या. ज्या नेटवर्कचं भवितव्य आकसतंय त्यावर गावाची सूचना टांगू नये असं मला कळकळीने वाटतं.

प्रयाग_चिखली (धागाकर्ता)

चाचणी केली. चार्जरवर असताना ०एक्स५००००. पॉवर बँकेवर ०एक्स०, पण मोटार सुरू केल्यावर मॉडेम तरीही गेला, फक्त आधीपेक्षा कमी वेळा. म्हणजे दोन्ही कारणं आहेत असंच ना?

मग वायरमन बोलावून कॉइलवर स्नबर लावले, पायचा डबा समोरच्या भिंतीवर हलवला, त्याला वेगळा ५ व्होल्टचा चांगला सप्लाय दिला. यूएसबी एक्स्टेन्शन तेवढी अजून आहे. ती काढली तर रेंज जाते.

रंकाळा_टर्मिनल

हो, दोन्ही. आता शेवटचा तुकडा: यूएसबी लांब न्यायची नाही, अँटेना लांब न्यायची. मॉडेम पायजवळ हातभर शील्डवाल्या केबलने, दोन्ही टोकांना फेराइटचा क्लिप (गोंगाट अडवणारा), आणि एसएमए जोडाची बाहेरची अँटेना खिडकीबाहेर. अँटेनाची केबल फार बारीक घेऊ नका. ती बारीक काळी केबल दर मीटरला एक डेसिबलहून जास्त खाते. पाच मीटरच्या आत जाड केबल असेल तर चालेल. आधी आणि नंतर 'एटी+सीएसक्यू' लिहून ठेवा.

गोकुळशिरगाव_ताई

आणि हा यूडेव्हचा नियम. खाच अशी की बहुतेक लोक एकाच ओळीत 'एटीटीआरएस' ने व्हेंडर, प्रॉडक्ट आणि 'बीइंटरफेसनंबर' तिन्ही लिहितात, आणि नियम कधीच लागू होत नाही. व्हेंडर-प्रॉडक्ट हे यूएसबी डिव्हाइसच्या पातळीवर असतात, इंटरफेस नंबर त्याच्या खालच्या पातळीवर. एका नियमातले सगळे 'एटीटीआरएस' एकाच पूर्वजावर जुळावे लागतात, म्हणून ही जोडी जमतच नाही.

त्याऐवजी 'ईएनव्ही' वापरा: सबसिस्टम टीटीवाय, आयडी_व्हेंडर_आयडी २सी७सी, आयडी_मॉडेल_आयडी ०१२५, आयडी_यूएसबी_इंटरफेस_नम ०२, आणि सिमलिंक मॉडेम_एटी. ही मूल्यं ६० क्रमांकाच्या सिरियल नियमात भरली जातात, म्हणून तुमच्या फाइलचं नाव ९९ ने सुरू करा. मग 'यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड' आणि मॉडेम काढून-लावून. स्क्रिप्टमध्ये फक्त /डेव्ह/मॉडेम_एटी.

मॉडेम मॅनेजर (मॉडेम आपोआप हाताळणारी लिनक्सची सेवा) चालू असेल तर याच ओळीत आयडी_एमएम_पोर्ट_इग्नोर १ जोडा, म्हणजे तो एटी पोर्टला हात लावणार नाही आणि इंटरनेटचं काम क्यूएमआयवरून करत राहील. सीएच३४० साठी वेगळी ओळ, १ए८६:७५२३, त्यात आयडी_एमएम_डिव्हाइस_इग्नोर १. नाहीतर तो मॉडबसच्या तारेवर एटी पाठवून बघेल आणि मीटरचं वाचन बिघडेल.

पुणे_पेंग्विन

सीएच३४० वरून आठवलं. उबंटू २२.०४ च्या लॅपटॉपवर हाच कन्व्हर्टर लावला की पोर्ट येऊन लगेच जायचा. लॉगमध्ये 'बीआरएलटीटीवाय' चं नाव होतं. अंधांसाठीच्या ब्रेल डिस्प्लेची ती सेवा सीएच३४० ला ब्रेल डिस्प्ले समजून पकडते. ब्रेल डिस्प्ले वापरणारं घरात कुणी नसेल तर ते पॅकेज काढलं की झालं. पायवर ते सहसा नसतं, पण चाचणी लॅपटॉपवर करणाऱ्यांनी बघावं.

प्रयाग_चिखली (धागाकर्ता)

अँटेना बाहेर काढली, एक्स्टेन्शन काढून टाकली. सीएसक्यू ९ होता, आता १७ येतोय. यूडेव्हचा नियम पहिल्या फटक्यात लागला. पाणीवाल्याने मोटार मुद्दाम बऱ्याचदा चालू-बंद केली, डीमेसगमध्ये एकही डिस्कनेक्ट नाही. नंतर मॉडेम हाताने उपसून पुन्हा लावला: पोर्ट पुन्हा १, २, ३, ४, स्क्रिप्टने आपणहून जोडून घेतलं आणि चाचणीचा एसएमएस सगळ्या संचालकांना पोचला. झिप डिलीट केली.

वायरमनदादा, अर्थिंगची पट्टी खरंच गंजून तुटायला आली होती. नवी घातली.

एक विचारायचंय. पुरात वीज तोडतात तेव्हा पाय बॅटरीवर जाईल. मॉडेम अडकलाच तर तिथे कुणी जाऊ शकणार नाही. लांबूनच तो रीसेट करता येईल का?

रंकाळा_टर्मिनल

येईल, तीन पायऱ्यांनी. एटी पोर्ट बोलतोय पण नोंदणी नाही, तर स्क्रिप्टने 'एटी+सीएफयूएन=१,१' द्यायचं, मॉड्यूल स्वतः रीस्टार्ट होतं. एटीला उत्तरच नाही, तर /सिस/बस/यूएसबी/ड्रायव्हर्स/यूएसबी/अनबाइंड मध्ये '१-१.३' लिहायचं, काही सेकंदांनी बाइंड मध्ये तेच. मात्र याने वीज तुटत नाही, फक्त ड्रायव्हर सुटून पुन्हा बसतो. मॉड्यूलचं फर्मवेअरच गोठलं असेल तर वीजच तोडावी लागते. 'यूएचयूबीसीटीएल' ने ते जमतं, पण पाय ४ वर चारही पोर्टची वीज एकत्र जाते, सीएच३४० सकट. तुमच्या स्क्रिप्टला दोन्ही पोर्ट पुन्हा उघडता येत असतील तर हरकत नाही.

या तिन्ही पायऱ्या पाऊस लागायच्या आत, मोटार चालू ठेवून एकदा चालवून बघा आणि लॉग इथे टाका. १-१.३ हा पत्ता मॉडेम दुसऱ्या पोर्टमध्ये लावला की बदलतो, म्हणून त्या पोर्टवर रंगाची खूण करून ठेवा.

शिरोळ_कृष्णाकाठ

माझ्याकडे दोन सीएच३४० लागणार आहेत, एक मीटरला, एक सेन्सरला. दोन्हीचा आयडी सारखाच आणि सिरियल नंबर नाही. त्यांना वेगळं कसं ओळखायचं?

गोकुळशिरगाव_ताई

आयडीने नाही जमणार. /डेव्ह/सिरियल/बाय-पाथ मधलं नाव वापरा, ते कोणत्या भौतिक पोर्टमध्ये लावलंय त्यावर ठरतं. किंवा दोन्ही एकाच आरएस-४८५ तारेवर घ्या, मॉडबसचे पत्ते वेगळे द्या आणि एकच कन्व्हर्टर ठेवा. चिखलीच्या दादांनी तेच केलंय, मला तेच जास्त पटतं.